भोक पाडाल तर गाडी तुमची

साहेब, तुम्ही गाडीखाली वाकलाच नाहीत. खुर्चीत बसून सही ठोकलीत. ‘चौकट सुस्थितीत, गंज नाही’ या चार शब्दांखाली तुमची लफ्फेदार सही आहे, निळा शिक्का आहे, आणि त्या चार शब्दांपायी दोन सख्ख्या बहिणी आज एकमेकींचा फोन उचलत नाहीत. तुम्ही म्हणाल, तो मिस्त्री जळकुटाच होता. होता. ते इथेच कबूल करून टाकलेलं बरं, म्हणजे लपायला तुम्हाला तेवढाही आडोसा उरणार नाही. आता बाकीचं ऐका.

मिस्त्रीची एकतीस वर्षं गाड्यांखाली आडवं पडण्यात गेली. शाळा अर्धवट सुटलेली. भिंतीवर प्रमाणपत्र नाही, तिथे पान्यांची रांग लावलेली. जे शिकला ते बोटांनी आणि कानांनी. रस्त्याच्या पलीकडून गाडी गेली तरी तिचा कुठला व्हॉल्व्ह रुसलाय ते सांगायचा, आणि मालकाने विचारलं नसलं तरी सांगायचा. तोंडाचा फटकळ. गॅरेज बोळाच्या तोंडाशी, आत एकच लिफ्ट, आणि पुढच्या खोलीत बायको सुटे भाग आणि गिऱ्हाइकांच्या कटकटी सांभाळायची.

त्याच्या साडूचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं, मोठ्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान. काचेची कपाटं, गार हवा, येणाऱ्याला आधी पाणी मग खुर्ची. हसतमुख माणूस, हाताचा सढळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मिस्त्रीचं खरं दुखणं तेच होतं. साडू नालायक असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो चांगला होता. मिस्त्रीच्या बायकोला वाचायचा चष्मा दरवर्षी फुकट करून द्यायचा आणि वर म्हणायचा, “ताई, तुमच्या नाकावर काय शोभतो हो.” मिस्त्री तो चष्मा बघितला की तोंड फिरवायचा.

साडूने दुमजली घर बांधलं तेव्हा मिस्त्रीने स्वतः जाऊन पाण्याचा पंप बसवून दिला. दुकानाची दुसरी शाखा निघाली तेव्हा शटर नीट सरकत नव्हतं, तेही याने तेल घालून सरळ केलं. डोळ्यांत खुपायचं, पण थोडं. सहन होण्याजोगं.

एका रविवारी चौघं साडूच्या घरी जेवायला बसली होती. साडू जेवता जेवता म्हणाला, “साडूभाऊ, एक गंमत. गाडी घेतोय.”

“आहे की तुमच्याकडे.”

“ती आहेच. ही हौसेची. जुनी स्पोर्ट्स कार. आपल्या डॉक्टरांची होती बघा, हिरवी, बुटकी, दोनच सीटची. डॉक्टर गेल्यापासून जावयाकडे पडून आहे. विकतोय.”

मिस्त्रीचा घास हातातच राहिला.

त्या गाडीचं सांगायला हवं. सव्वीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती त्याच्याकडे आणली होती. तिचे जुळे कार्बोरेटर एका सुरात येत नव्हते. गावातल्या तीन नावाजलेल्या मेकॅनिकांनी हात टेकले होते. मिस्त्रीने रबराची एक नळी घेतली, एक टोक कानात, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. हवा ओढण्याचा फुसकारा दोन्हीकडे सारखा होईपर्यंत स्क्रू केसाकेसाने फिरवत राहिला. संपूर्ण दुपार गेली. मग इंजिन असं काही लागलं की डॉक्टर खिशातले हात काढून नुसते उभे राहिले. म्हणाले, “जा, एक चक्कर मारून या.” टेकडीचा रस्ता, वर आणि खाली, चार किलोमीटर. लांबलचक बॉनेट पुढे, ढुंगण रस्त्यापासून वीतभर वर, डोक्यावर काही नाही. तेव्हापासून ती हिरवी गाडी बोळासमोरून गेली की मिस्त्री हातातलं काम ठेवून बाहेर यायचा आणि ती वळेपर्यंत उभा राहायचा. कधीतरी ती आपली होईल, हे त्याने बायकोखेरीज कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. तिलाही एकदाच, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि तिने ते मनात ठेवलं होतं.

आणि हा म्हणाला, बुटकी.

“फक्त तुम्ही एकदा बघून द्या,” साडू म्हणाला. “मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही हो म्हणालात की घेतली.”

“नाही म्हणालो तर?”

“तर नाही घेतली. संपलं.”

इथेच मिस्त्रीचं चुकलं. गाडी पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला नियम. गिऱ्हाईक फोनवर कितीही विनवू दे, तो म्हणायचा, आणा, बघतो, मग बोलतो. एकतीस वर्षांत हा नियम त्याने मोडला नव्हता. त्या दिवशी ताटावर बसून मोडला.

“ती खालून सडलेली असणार,” तो म्हणाला. “दारांखालच्या कडा पार गेलेल्या असणार. हातही लावू नका.”

मेहुणीने भाजीचा चमचा भांड्यात ठेवला. “भावजी, तुम्ही बघितलीत का ती एवढ्यात?”

“बघायला कशाला हवी?”

टेबलाखाली बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. साडू हसला, मनापासून, आणि म्हणाला, “साडूभाऊ, वास कुठूनतरी जळका येतोय. गॅस बंद आहे ना गं?”

सगळे हसले. मिस्त्रीही हसला, पण जेवण तिथेच संपलं.

पुढचे सहा दिवस तयारीत गेले, आणि ती तयारी बघण्यासारखी होती. कारण दोन घरांत दोन वेगळ्या तयाऱ्या चालल्या होत्या.

मिस्त्रीने कागद घेऊन यादी केली. इंजिन गार असताना बघायचं. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलं तर समजायचं की गार असताना कुरकुरतं. लोहचुंबक, जुन्या मऊ सुती कापडात बांधलेलं, म्हणजे रंगावर ओरखडा नको; जिथे चुंबक चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी. टॉर्च. दांडीवरचा छोटा आरसा. कॉम्प्रेशन गेज. जॅक. खाली झोपायला सतरंजी. एक छोटी हातोडी, ठोकून आवाज ऐकायला. आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर. यादी त्याने तीनदा लिहून काढली. तिसऱ्यांदा लिहिताना त्याच्या ध्यानात आलं की आपण गाडीत खोट शोधायला चाललोय असं नाही, खोट घेऊनच चाललोय. सापडली नाही तर बनवू. गीअरबॉक्स गेलाय म्हणू. साडूला काय कळतंय. मग सहा महिने जाऊ देऊ, जावई भाव उतरवेल, आणि मग.

हा विचार त्याच्या डोक्यात आला. लपवून उपयोग नाही.

साडूने कातड्याचे हातमोजे घेतले. सपाट टोपी घेतली. गाडी अजून दुसऱ्याच्या दारात होती आणि याने तिच्यासाठी शिवलेलं कापडी आच्छादन मागवलं, माप देऊन. मेहुणीने डोक्याला बांधायला निळा रुमाल घेतला आणि फोनवर बहिणीला त्याचा पोत सांगत बसली. हे सगळं मिस्त्रीच्या कानावर बायकोमार्फत येत होतं.

“हातमोजे?” मिस्त्री म्हणाला. “लाकडी स्टिअरिंग आहे त्या गाडीचं. हाताला लाकूड लागलं नाही तर ती गाडी चालवायची कशाला?”

“तुम्हाला कसं माहीत लाकडी आहे?”

बायकोने हातातली बिलं खाली ठेवली.

“एक सांगू? तुम्ही जाऊ नका रविवारी. दुसऱ्या कुणाला पाठवा.”

“का?”

“तुमचा चेहरा सांगतोय का ते.”

“माझं काम आहे ते. दुसरा कोण जाणार?”

“काम आहे म्हणूनच म्हणतेय,” ती म्हणाली. “तुमच्या शब्दावर तो पैसे टाकणार आहे. तुमच्या शब्दाला या घरात आजवर कुणी हात लावला नाही. माझ्या बहिणीसमोर तो खोटा पडायला नको.”

मिस्त्रीने चुंबक पुन्हा कापडात गुंडाळलं.

रविवारी सकाळी चौघं जावयाच्या बंगल्यावर पोचली. जावई कोरा करकरीत शर्ट घालून फाटकाशीच उभा होता. गाडी गॅरेजबाहेर उन्हात काढून ठेवलेली. धुतलेली, पुसलेली, तारांची चाकं चकाकणारी. मिस्त्रीने सगळ्यांच्या आधी जाऊन बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं. म्हणजे तेवढा तरी प्रामाणिक, असं त्याला वाटलं, आणि थोडा रागही आला.

“वा,” साडू म्हणाला, “नुसता हात ठेवून कळतं का?”

“निम्मं.”

त्याने सुरुवात केली. दहा मिनिटांत यादी विसरला. चुंबक मडगार्डवर धरलं, चिकटलं. दारावर धरलं, चिकटलं. कुठे पुट्टी नाही, डॉक्टरांनी ठेवलेला मूळ पत्रा. ऑइलची पट्टी काढली, तेल मधासारखं. प्लग काढून गेज लावला, सगळ्या सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा. मग जावयाला किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन दुसऱ्या फेरीला लागलं, आणि मिस्त्रीला आपसूक खाली वाकून कार्बोरेटरच्या तोंडाशी कान न्यावासा वाटला. सव्वीस वर्षं कुणी त्या स्क्रूंना हात लावला नव्हता. दोन्हीचा सूर अजून एक होता. त्याचा सूर.

साडू शेजारी येऊन उभा राहिला. “कसं आहे?”

गीअरबॉक्स गेलाय, असं मिस्त्रीला म्हणायचं होतं. ते जिभेवर तयार होतं. साडूने हातमोजे घातले होते, उन्हात, उभ्या गाडीशी, आणि त्याचा चेहरा नव्या दप्तराच्या पोरासारखा उजळलेला होता.

“इंजिन उत्तम आहे,” मिस्त्री म्हणाला. “यासारखं आता मिळणार नाही.”

तो स्वतःच चकित झाला. इतकी वर्षं खरं बोलायची सवय लागली की जीभ मालकाचं ऐकत नाही. बायको मागे उभी होती; तिने सुटकेचा निःश्वास सोडला, तो त्याला ऐकू आला.

मग त्याने सतरंजी पसरली आणि गाडीखाली गेला.

खाली सगळं काळं होतं. ताजा डांबरी रंग, जाड, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. इतकी जुनी गाडी खालून इतकी सुंदर नसते. त्याने हातोडी घेतली. मधल्या नळीवर ठोकलं: टण्. मागच्या आडव्या पट्टीवर: टण्. मग उजव्या दाराखालच्या पोकळ कडेवर.

थप्.

पुन्हा ठोकलं. थप्. डाव्या बाजूला सरकला. थप्. जणू भिजलेल्या पुठ्ठ्यावर ठोकतोय.

ज्यांना गाड्या कळत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच: डोक्यावर छत असलेल्या गाडीला छतही तोलून धरतं. उघड्या गाडीचा सगळा भार दारांखालच्या या दोन पोकळ कडांवर असतो. त्या गेल्या तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात गाडी मधोमध मोडते, वहीसारखी मिटते, आणि आतली दोन माणसं तिच्यात.

मिस्त्री खाली पडल्या पडल्या हसला. त्याला आधी आनंदच झाला, साहेब. गेल्या रविवारी जे खोटं बोललो ते खरं निघालं. पाप न करता काम झालं. मग हसू मावळलं, कारण आता हे बाहेर जाऊन सांगायचं होतं.

तो बाहेर आला, अंग झटकलं. “कडा गेल्यात. दोन्ही.”

साडू हसायला लागला. “साडूभाऊ, हे तुम्ही गेल्या रविवारी सांगितलंत. ही भाजी वाढत होती तेव्हा.”

“तेव्हा मी उगाच बोललो. आत्ता बघून सांगतोय.”

“म्हणजे तेव्हा खोटं, आत्ता खरं, आणि वाक्य तेच.”

“इकडे या. ऐका.” मिस्त्रीने त्याला वाकायला लावलं. टण्. थप्. “ऐकलंत?”

“मला दोन्ही सारखेच.”

“सारखे नाहीत हो. कान द्या जरा.”

“माझा धंदा डोळ्यांचा,” साडू म्हणाला, “आणि डोळ्यांना तर छान दिसतंय.”

जावई आतून एक कागद घेऊन आला. तो तुमचा वाहन तपासणीचा दाखला, साहेब. चार महिन्यांपूर्वीचा. त्याने तो घडी उलगडून बॉनेटवर ठेवला आणि बोटाने त्या चार शब्दांवर टिचकी मारली. “हे कचेरीचं. तिथे यंत्रं आहेत. तुमच्या साडूभाऊंकडे हातोडी आहे.”

साडूने दाखला वाचला, दोनदा, चष्मा वर सरकवून. चेहऱ्यावरची शंका पुसली गेली. मिस्त्रीला ते दिसलं. निळा शिक्का लावलेला कागद एकीकडे आणि त्याची एकतीस वर्षं दुसरीकडे, आणि पारडं कुठे झुकलं ते बघायला चष्मा लागत नव्हता.

“वरचा रंग खरवडू द्या,” मिस्त्री जावयाला म्हणाला. “बोटभर. नुसतं टोचून बघतो.”

“टोचायबिचायचं काही नाही. भोक पाडाल तर गाडी तुमची.” जावई हसत म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ठरलेल्या किमतीला. मग घेऊन जा नि हवी तेवढी टोचा.”

“ऐकलंत ना साडूभाऊ? हात आवरा,” साडू म्हणाला. त्याने खिशातून चेकबुक काढलं आणि टेकायला जागा शोधू लागला. मेहुणी तोवर दार उघडून आत बसलीसुद्धा होती. डोक्याला निळा रुमाल बांधत ती बहिणीला म्हणाली, “ताई, फोटो काढ ना एक.”

दार बंद करताना ते जरा घासलं. मेहुणीचं वजन ते किती, तरी तेवढ्यानेही चौकट वाकून दार घासलं. कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मिस्त्रीच्या आलं. ती ज्या जागी बसली होती त्याच्या बरोबर खाली ते ‘थप्’ होतं.

“उतर,” तो म्हणाला.

“काय हो भावजी, एक मिनिट. फोटो तरी...”

“उतर आधी.”

त्याचा आवाज ऐकून ती उतरली. मिस्त्री गुडघ्यावर बसला, लांब स्क्रूड्रायव्हर दाराखालच्या कडेला लावला आणि तळव्याने एकच दणका दिला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्याला जोर लावावाच लागला नव्हता. बाहेर ओढला तशी तांबूस भुकटी त्याच्या पॅन्टवर सांडली.

“बघा,” तो म्हणाला. “हा तुमचा ‘गंज नाही’.”

सगळे भोकाकडे बघत होते, आणि प्रत्येकाला त्यात वेगळं दिसलं. जावयाला विक्री दिसली. साडूने पेनचं टोपण हळूच लावलं.

“मिस्त्री,” तो म्हणाला. आजवर त्याने कधी अशी हाक मारली नव्हती. “त्यांची अट तुम्ही ऐकली होती.”

“ऐकली होती.”

“ऐकून मग पाडलंत.”

“तुमची बायको आत बसली होती.”

“ती उतरली होती. तुम्हीच उतरवलीत.” साडूचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “जुन्या गाडीला थोडा गंज असतोच, हे तुमचंच वाक्य. मला बाजूला घेऊन सांगितलं असतंत तर वेल्डिंग करून घेतलं असतं, तुमच्याचकडून. तुम्हाला गाडी हवी होती, तर नुसतं म्हणायचं होतंत. मी सोडली असती.”

त्याने खरंच सोडली असती. चांगला माणूस. म्हणूनच ते वाक्य मिस्त्रीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

मिस्त्रीने जावयाची अट मानली. दुसरी लिफ्ट घ्यायची म्हणून आठ वर्षं बाजूला टाकलेले पैसे त्या आठवड्यात गेले, आणि गाडी ट्रकवर चढून गॅरेजात आली. आच्छादन साडूने पाठवून दिलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसतं आच्छादन. मापात बरोबर बसलं.

पहिल्या सकाळी मिस्त्री शटर उघडून सरळ गाडीत जाऊन बसला. लाकडी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. बायको दारात येऊन उभी राहिली.

“खरं सांगा. हवी होती ना?”

“हो.”

“मग ते भोक?”

“तेही खरंच आहे.”

“दोन्ही एकदम कसं खरं असेल?”

त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला. “दणका मारताना बरं वाटलं मला,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. पण भोक मी केलेलं नाही. ते तिथे होतंच, मी फक्त रंगातून पलीकडे गेलो.”

“हे माझ्या बहिणीला सांगा.”

“फोन उचलते का ती?”

“माझाही नाही उचलत,” बायको म्हणाली आणि आत गेली. वाचायचा चष्मा टेबलावर पडलेला होता; तिने तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर नीट लागेना तसा लाथेने लावला.

त्या दिवशी मिस्त्रीने उजव्या दाराखालची कड ग्राइंडरने कापली. डांबराच्या थराखाली पातळ पत्र्याची चिकटवलेली पट्टी होती, तिच्याखाली भेगा बुजवायचा फेस भरून घट्ट झालेला, आणि फेसाच्या मागे, कड पोकळ वाटू नये म्हणून, वर्तमानपत्र कोंबलेलं. चुरगळलेलं, तेलकट, पण मथळ्याखालची तारीख शाबूत. तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच ही कड इतकी गेली होती की कुणीतरी ती रद्दीने भरली, वर पट्टी चिकटवली आणि रंगवली; ताजं डांबर तर नंतरचं, विक्रीसाठीचं. आणि तुम्ही, साहेब, चार महिन्यांपूर्वी लिहिलंत, सुस्थितीत.

तो तुकडा आणि ते वर्तमानपत्र घेऊन मिस्त्री दुपारीच साडूच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक होतं; साडूने मिस्त्रीला पाणी दिलं नाही, खुर्ची दिली नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मिस्त्रीने दोन्ही वस्तू काचेच्या काउंटरवर ठेवल्या.

साडूने भिंगाखाली तारीख बघितली. बराच वेळ बघितली.

“तुमच्या गॅरेजात जुनी वर्तमानपत्रं किती असतात?” त्याने विचारलं.

“हात पुसायला असतात. ढीग असतो.”

“तोच प्रश्न आहे ना माझा.”

“म्हणजे हे मी कोंबलं?”

“मी कुठे म्हणतोय. पण मला सांगा, मी विश्वास कशावर ठेवू? तुमच्या शब्दावर? तो तुम्ही जेवणाच्या टेबलावर आधीच वापरून टाकलात.” साडूने भिंग पुसलं आणि जागेवर ठेवलं. “कचेरीने लिहून द्यावं की आमचं चुकलं, ती कड तेव्हाही सडलेली होती. मी भर बाजारात येऊन तुमच्या पाया पडेन. हिलाही घेऊन येईन. तोवर नको.”

मिस्त्री दोन्ही वस्तू उचलून, काउंटरवरची भुकटी हाताने गोळा करून निघाला. साडू त्याच्या पाठीमागे म्हणाला, “आणि साडूभाऊ... चालवू नका ती. दुरुस्त केल्याशिवाय.”

म्हणजे कुठेतरी त्याला पटलं होतं. पण पटणं आणि मान्य करणं यांच्यामध्ये तुमचा शिक्का आडवा आहे.

तुमच्या कचेरीत मिस्त्री चार वेळा येऊन गेला. पहिल्यांदा तीन नंबरच्या खिडकीने सांगितलं, पाच नंबर. पाच नंबरने सांगितलं, अर्ज लेखी हवा. दुसऱ्यांदा लेखी आणला तर म्हणाले, दाखला देणाऱ्या साहेबांकडेच जाईल, ते दौऱ्यावर आहेत. तिसऱ्यांदा तुम्ही आत होता. दार अर्धं उघडं होतं. तुमचे बूट टेबलाखाली दिसत होते, पॉलिश केलेले, पॅन्टच्या गुडघ्यांना एक सुरकुती नाही. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मीटिंगमध्ये तुम्ही एकटेच होता.

चौथ्यांदा तो तुकडा घेऊन आला. शिपाई नको नको म्हणेपर्यंत त्याने तो टपालाच्या टेबलावर ठेवून पोच घेतली. हातभर लांब, गंजलेला, आत फेस जसाच्या तसा, शेजारी ती रद्दी. सोबतचा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिलाय, अक्षर वेडंवाकडं आहे. पहिल्याच ओळीत त्याने लिहून दिलंय की मला ही गाडी सव्वीस वर्षं हवी होती, मी साडूवर जळत होतो, आणि बघायच्या आधीच ती सडलेली आहे असं मी बोललो होतो. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मला जे भोगायचं ते मी भोगतोय. त्याखाली एकच प्रश्न आहे. त्याच्याकडे हेवा होता, हाव होती, तरी तो सतरंजी टाकून खाली गेला आणि जे होतं ते बाहेर येऊन बोलला. तुमच्याकडे तर गाडीशी काही देणंघेणं नव्हतं, यंत्रं होती, पगार होता.

दाखला दिलात त्या दिवशी तुम्ही त्या गाडीखाली गेला होतात का? हो की नाही, तेवढंच. सहीनिशी, त्याच शिक्क्याखाली, लिहून द्या.